दोष कोणता, स्वभाव कोणता?

मोडलेली वस्तु नीट करणें हा तत्त्वचिंतनाचा विषय आहे असें सहसा कोणी मानीत नाहीं. तें मिस्त्र्याचें किंवा कारागिराचें, फार तर एखाद्या हौशी गृहस्थाच्या रविवारच्या फुरसतीचें काम. डाख कोठें सुटला आणि तार कोठें तुटली याची चौकशी नीतिशास्त्रानें कां करावी? परंतु थोडा विचार करतां असें दिसून येईल कीं, दुरुस्तीचें पहिलें पाऊलच मुळीं नैतिक निर्णयाचें असतें. हातांत हत्यार घेण्यापूर्वीं दुरुस्त करणारा मनाशीं असें ठरवितो कीं, या वस्तूंतली अमुक गोष्ट हा दोष आहे आणि तो नाहींसा केला पाहिजे. हा निर्णय चुकला तर पुढचें सारें कौशल्य घातक ठरतें. हात जितका कुशल, तितकी हानि अधिक. दोषाला दोष म्हणण्याचा हा अधिकार कोठून येतो, आणि वस्तूचा दोष व वस्तूचा स्वभाव यांतील सीमारेषा कशी ओळखावी, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

आपल्या भाषेंत या कामाला दोन शब्द आहेत: दुरुस्ती आणि सुधारणा. दुरुस्ती म्हणजे वस्तु पूर्वीं जशी धड होती तशी ती पुन्हां करणें. सुधारणा म्हणजे ती पूर्वीं कधींच नव्हती इतकी चांगली करणें. एकींत भूतकाळ हें प्रमाण, दुसरींत आपल्या मनांतील आदर्श हें प्रमाण. शब्दांत हा भेद स्वच्छ आहे. व्यवहारांत मात्र तो टिकत नाहीं. "नीट करून द्या, आणि जमल्यास थोडें सुधारूनही द्या," असें गिऱ्हाईक म्हणतें, आणि कारागीर एकाच बैठकींत दोन्ही कामें उरकतो. कोणतें काम कोठें संपलें आणि कोणतें कोठें सुरू झालें, हें पुष्कळदां त्याचें त्यालाही सांगतां येत नाहीं.

मोठ्या प्रश्नांवर बोलतांना शब्दांचा धुरळा फार उडतो. म्हणून हा प्रश्न एका लहानशा उदाहरणावर घासून पाहूं. विजेच्या गिटारीचा ध्वनि तारेवाटे लाउडस्पीकरकडे जातो. या वाटेंत एखादी पेटी बसविली तर तो ध्वनि हवा तसा रंगवितां येतो. आणि वादकाचे दोन्ही हात वाद्यांत गुंतलेले असल्यामुळें ती पायानें चालवावी लागते, म्हणून अशा पेट्यांना पेडल हें नांव पडलें. त्यांपैकीं 'युनि-व्हाइब' नांवाची पेटी जपानांतील शिन-ई कंपनीनें 1968 च्या सुमारास तयार केली. तिची रचना फुमिओ मिएदा या जपानी अभियंत्याची. अमेरिकेंत ती 'युनिव्हॉक्स' या नांवाखालीं विकली गेली. जिमी हेंड्रिक्स यानें 18 ऑगस्ट 1969 रोजीं सकाळीं वुडस्टॉकच्या मेळाव्यांत ती वापरली, आणि 1 जानेवारी 1970 रोजीं न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या नाट्यगृहांत वाजविलेल्या 'मशीन गन' या त्याच्या गीतांत तिचा आवाज कायमचा मुद्रित होऊन राहिला. पुढें पिंक फ्लॉइड या इंग्रज वाद्यवृंदांतील डेव्हिड गिल्मर, रॉबिन ट्रॉवर अशा वादकांनींही तिचा आश्रय केला. आज या जातीच्या पेट्या अनेक कारखाने आणि असंख्य हौशी कारागीर बनवितात, उघडतात, दुरुस्त करतात आणि सुधारतात.

हा आवाज ज्यांनीं ऐकला नाहीं त्यांना एवढेंच सांगतां येईल कीं, तो वाहत्या पाण्यांतील प्रतिबिंबाप्रमाणें हलत असतो. तो एका लयींत फुगतो आणि ओसरतो. परंतु ही लय घड्याळाच्या लंबकासारखी समतोल नसते. ती किंचित् लंगडते, जणूं कांहीं श्वास घेण्याला एक वेळ लागतो आणि सोडण्याला दुसरा.

या लंगडण्याचें कारण पेटीच्या आंत आहे. धातूच्या एका लहानशा आच्छादनाखालीं मधोमध एक तंतूचा दिवा असतो आणि त्याच्या भोंवतीं चार फोटोसेल बसविलेले असतात. फोटोसेलवर प्रकाश पडला कीं त्याचा विद्युत्‌रोध कमी होतो, अंधार झाला कीं वाढतो. दिवा ठराविक गतीनें उजळतो आणि मंदावतो. त्याबरोबर चारही फोटोसेल आपापल्या टप्प्यांत गिटारीच्या ध्वनिलहरी थोड्या मागें-पुढें सरकवितात. या सरकलेल्या लहरी मूळ लहरींत मिसळल्या म्हणजे कांहीं स्वरांश एकमेकांना छेदून नाहींसे होतात, आणि ते नाहींसे होण्याचें स्थान दिव्याबरोबर सतत बदलत राहतें. आतां तंतूचा दिवा हा मुळांत आळशी पदार्थ. वीज दिली कीं तंतु तापावयास वेळ लागतो, वीज काढली कीं निवावयासही वेळ लागतो. फोटोसेल तर त्याहून विचित्र: प्रकाश आल्याची वार्ता तो लवकर घेतो, अंधार झाल्याची मात्र उशिरां. दोन आळशांच्या या संगतींतून ती लंगडी लय जन्मास येते. शिवाय चार टप्प्यांतील कपॅसिटर एकमेकांपासून अगदीं भिन्न मूल्यांचे आहेत. सर्वांत मोठा 0.22 मायक्रोफॅरडचा, तर सर्वांत लहान 470 पिकोफॅरडचा, म्हणजे सुमारें 470 पटींचा फरक. पुढें 1974 मध्यें निघालेल्या 'फेज 90' या पेडलांत चारही टप्पे सारख्या मूल्याचे ठेवलेले आहेत. त्याचा आवाज नीटनेटका आहे, आणि निराळा आहे.

आतां एखाद्या शिस्तप्रिय अभियंत्यापुढें ही पेटी ठेवा. तो दोषांची यादी पटकन् करून देईल. दिवा आज्ञा मिळतांच पेटत नाहीं आणि मिळतांच विझत नाहीं. चारही फोटोसेल एकसारखे नाहींत. टप्प्यांचीं मूल्यें विषम आहेत. पेटी चालू केली कीं आवाज थोडा खालीं बसतो, आणि परिणाम बंद असतांनाही ती ध्वनीच्या मार्गांतून पूर्णपणें बाजूला होत नाहीं. यांतील एकही विधान खोटें नाहीं, आणि प्रत्येकावर उपायही आहे. दिव्याच्या जागीं एल.ई.डी. बसवावा, तो आज्ञेबरोबर पेटतो आणि आज्ञेबरोबर विझतो; फोटोसेल मोजून, निवडून, जोड्या जुळवून घालावे; कपॅसिटर सारखे करावे; पहिल्या टप्प्यांतील रोध बदलून आवाज भरून काढावा; नवी कळ बसवून बंद पेटीला मार्गांतून पूर्ण दूर करावें. एवढें केल्यावर पेटी निर्दोष होईल. मात्र ज्या आवाजासाठीं लोक तिला जपतात तो तींत उरणार नाहीं. शेवटच्या दोन तक्रारी दूर केल्या तर कोणाचें फारसें बिघडत नाहीं. पहिल्या तीन दूर केल्या तर पेटीच दूर होते. एकाच यादींत दोष आणि स्वभाव शेजारीं शेजारीं बसलेले असतात, आणि यादी करणाराला ते वेगळे दिसत नाहींत.

कोणी म्हणेल, निर्मात्याचा हेतु पाहा म्हणजे उलगडा होईल. जें हेतूला साधक तो गुण, जें बाधक तो दोष. कसोटी वरवर पाहतां उत्तम आहे. परंतु या पेटीचा हेतु कोणता? ऑर्गनबरोबर वापरल्या जाणाऱ्या 'लेस्ली' नांवाच्या लाउडस्पीकरांत एक कर्णा गरगर फिरत असतो आणि त्यामुळें आवाज डोलतो; त्या अवजड पेटाऱ्याची नक्कल लहान पेटींत करावी म्हणून युनि-व्हाइब निर्माण झाली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. हा हेतु धरला तर ती नापास ठरते. लेस्लीचा आवाज तिला साधलेला नाहीं. स्वतः मिएदा यानें मात्र निराळेंच मूळ सांगितलें आहे: मास्कोहून येणारें रेडिओचें प्रक्षेपण दूरच्या वाटेवर वातावरणांतून येतांना लाटेसारखें हेलकावत असे, त्या हेलकाव्यानें त्याला ही कल्पना सुचली. म्हणजे एकाचा हेतु फिरता कर्णा, दुसऱ्याचा डळमळता रेडिओ. आणि हेंड्रिक्सच्या मनांत या दोहोंपैकीं एकही नसावा. वस्तु निर्मात्याच्या हातून सुटली कीं तिला स्वतःचें चरित्र लाभतें. त्या चरित्राचा उगम हेतूंत असला तरी त्याचा अर्थ हेतूनें संपत नाहीं.

ही गोष्ट आपल्याकडील संगीतप्रेमी माणसाला परकी वाटण्याचें कारण नाहीं. तंबोऱ्याची जवारी आठवावी. तार घोडीच्या किंचित् गोलाईदार पाठीला पुसट स्पर्श करीत कंप पावते, खालीं सुताचा एक बारीक दोरा सरकवून तो स्पर्श नेमका साधलेला असतो, आणि त्यांतून तो गुंजणारा, भरलेला नाद निघतो. ज्यानें तंबोरा कधीं ऐकला नाहीं अशा परदेशी कारागिराच्या हातीं तो दिला तर तो काय म्हणेल? तार कोठें तरी घासते आहे, झणझण येते आहे. घोडी सपाट करून ही खरखर काढली पाहिजे. त्याची तपासणी अचूक आणि त्याचा निर्णय सर्वस्वीं चुकीचा. उलट तारांनीं घोडीवर चरे पाडले आणि जवारी खरोखरच बिघडली, म्हणजे मिरजेचा जाणता कारागीर तीच घोडी कानसेनें घासतो. परंतु तो प्रत्येक घासणीनंतर ऐकतो. दोघांच्या हातांत हत्यार एकच आहे. एकाला माहीत आहे कीं ही वस्तु काय होऊं पाहते. दुसऱ्याला एवढेंच माहीत आहे कीं सर्वसाधारण तंतुवाद्य कसें असावें.

हें मान्य केलें तरी कारागिराची अडचण संपत नाहीं. समजा, पन्नास वर्षांची जुनी पेटी त्याच्यापुढें आली. दिवा जळून गेला आहे, एक फोटोसेल निकामी झाला आहे, विजेचे कपॅसिटर सुकले आहेत. "पूर्वीं होती तशी करा," असें मालक सांगतो. पूर्वीं म्हणजे केव्हां? कारखान्यांतून बाहेर पडली त्या दिवशीं? त्या दिवशींचा तिचा आवाज आज कोणाच्याच कानांत नाहीं. अभियंत्यानें कागदावर आंखली तशी? कारखान्यांतील प्रत्येक पेटींत कागदापेक्षां थोडेंफार अंतर पडलेलेंच असणार. कीं वर्षानुवर्षें हळूहळू झिजत झिजत शेवटीं मालकाला प्रिय झाली तशी? तो आवाज तर कांहीं अंशीं तिच्या आजाराचाच होता. 'मूळ' या एका शब्दांत निदान तीन मुळें आहेत. त्यांत भर म्हणजे जुन्या जातीच्या फोटोसेलांत कॅडमियम हा विषारी धातु असतो. युरोपीय संघानें 1 जुलै 2006 पासून विजेच्या उपकरणांतील त्याच्या वापरावर निर्बंध घातले, आणि तसे घट मिळणें दिवसेंदिवस कठीण होत गेलें. तेव्हां इच्छा असूनही हुबेहूब दुरुस्ती नेहमींच शक्य होते असें नाहीं.

येथें मिलिंद राजाला नागसेनानें विचारलेला रथाचा प्रश्न वाचकांस आठवेल: चाक म्हणजे रथ नव्हे, आंस म्हणजे रथ नव्हे, मग रथ कोठें आहे? भाग बदलत गेल्यावर पेटी 'तीच' राहते काय, हा प्रश्न त्याच घराण्यांतला आहे आणि तर्काला मोठा रुचकर आहे. परंतु कारागिराचें काम त्यावांचून अडत नाहीं. पेटी तीच आहे कीं नाहीं हें न ठरवितांही त्याला आज संध्याकाळपर्यंत तिचें कांहीं तरी करावयाचें असतें. त्याच्यापुढील प्रश्न अस्तित्वाचा नसून कर्तव्याचा आहे.

तर मग कांहींच बदलूं नये, जुनें तें सारें पवित्र मानून कांचेच्या कपाटांत ठेवावें, असा कोणी निष्कर्ष काढील. तोही बरोबर नाहीं. ज्या संगीताच्या नांवानें ही पेटी पूज्य झाली तें संगीतच फेरफारांतून जन्मलें. हेंड्रिक्स डावखुरा, तो उजव्या हाताच्या वादकासाठीं केलेली गिटार उलटी धरून, तारा बदलून वाजवीत असे. वस्तु जशी मिळाली तशीच वापरावी असा नियम त्यानें पाळला असता तर आज या पेटीविषयीं लिहिण्याचें कारणच पडलें नसतें. शिवाय मालकाचाही कांहीं हक्क आहे. आपल्या पेटींत एल.ई.डी. घालून कोणाला वेगळा, चपळ आवाज हवा असेल तर त्यानें पाप केलें असें कोणीं म्हणावें? हजारों पेट्यांपैकीं एक बदलली म्हणून जगांतून कांहीं नाहींसें होत नाहीं. गंमत अशी कीं, कित्येक आधुनिक संगणकीय पेडलांत दिवाच नसतो, आणि तरी त्या नसलेल्या दिव्याच्या आळसाचें गणित मुद्दाम मांडून घातलेलें असतें. ज्याला एका पिढीनें दोष मानलें त्याची दुसरी पिढी मोठ्या श्रमानें नक्कल करते.

मग नियम काय? मला वाटतें, तो या पेटीच्याच एका निराळ्या भागावरून सांपडतो. भिंतींतील विजेवर चालणाऱ्या जुन्या वाद्ययंत्रांपैकीं पुष्कळांना भूमीशीं जोडणारी तिसरी तार नसे. अशा यंत्रांत आंतला विद्युत्‌प्रवाह चुकून धातूच्या पेटीवर उतरला तर तो गिटारीच्या तारांवाटे वादकाच्या हातांत येऊं शकतो, आणि जीवही जाऊं शकतो. आतां पाहा: दिव्याचा आळस जितका मूळचा, तितकाच तिसऱ्या तारेचा अभावही मूळचा. दोन्ही निर्मात्याच्या हातचे, दोन्ही जुने, दोन्ही त्या काळाची खूण. म्हणून 'मूळचें आहे' या युक्तिवादानें एकाचें समर्थन होत असेल तर दुसऱ्याचेंही व्हावें. परंतु शहाणा कारागीर दिवा राखतो आणि तिसरी तार निःशंकपणें जोडतो. कां? कारण दिव्याच्या आळसाचा भार कोणावरच पडत नाहीं, पडलाच तर ज्याला तो आवडतो त्याच्यावर. तारेच्या अभावाचा भार मात्र अशा माणसावर पडतो, ज्याला त्याची कल्पना नसते आणि ज्याची संमति कोणीं घेतलेली नसते. जुनेपणा, मूळपणा, निर्मात्याचा हेतु, यांपैकीं कशानेंही दोष आणि स्वभाव यांची निवड होत नाहीं. ती 'याचें मोल कोण देतो?' या प्रश्नानें होते.

या कसोटीचें महत्त्व पेट्यांपुरतें नाहीं. महाराष्ट्रांत 'सुधारणा' हा शब्द उच्चारतांच एक जुना वाद जागा होतो. आगरकरांनीं 1888 मध्यें 'सुधारक' पत्र काढलें तेव्हांपासून, किंबहुना त्याच्याही आधींपासून, आपण हा प्रश्न समाजाविषयीं विचारीत आलों आहों: अमुक रूढि हा आमचा दोष कीं आमचा स्वभाव? जवारीचें आणि दिव्याचें उदाहरण ऐकून कोणी जुन्या मताचा गृहस्थ आनंदानें म्हणेल, "आम्ही हेंच सांगत होतों. बाहेरच्यांना जी खरखर वाटते ती आमच्या समाजाची जवारी आहे. तिला कानस लावूं नका." या युक्तिवादांत कांहीं सत्य आहे. बोलण्याची लकब, सणांची पद्धत, अन्नाची चव, गाण्याचें घराणें, यांना परक्या मापानें सपाट करणें हा खरोखरच त्या परदेशी कारागिराचा अपराध आहे. परंतु ज्या रूढीनें विधवेचें केशवपन केलें, ज्या रूढीनें माणसाला पाणवठ्यावरून हांकून दिलें, तिची जवारीशीं तुलना होऊं शकत नाहीं. ती भूमिसंबंध नसलेली तार आहे. तिचा नाद एकाच्या कानाला गोड लागतो आणि धक्का दुसऱ्याला बसतो. ज्याला धक्का बसतो त्यानें तिला स्वभाव म्हटलेलें कधीं ऐकिवांत नाहीं. पेटीला बोलतां येत नाहीं, म्हणून तिच्याकरितां आपण ऐकावें लागतें. माणसाला बोलतां येतें, तेव्हां त्याला विचारल्यावांचून त्याच्या सोसण्याला परंपरा म्हणणें हा कारागिरीचा दोष नसून नीतीचा दोष आहे.

घरांतही हीच कसोटी लागते. मुलगा सावकाश बोलतो, मुलगी एकटी बसून चित्रें काढते, वृद्ध वडील एकच गोष्ट पुन्हां पुन्हां सांगतात. या सर्वांना 'नीट' करण्यासाठीं घरोघर केवढा उद्योग चाललेला असतो! त्यांतील कितीसा त्यांच्या कल्याणासाठीं, आणि कितीसा आपल्या सोयीसाठीं? मूल इतरांना मारतें हा दोष. मूल उशिरां उत्तर देतें हा बहुधा दिव्याचा मंदपणा. एकसारखे मोजून निवडलेले फोटोसेल पेटींत शोभतात कीं नाहीं हा वादाचा विषय असेल. एका घरांत तीं माणसें शोभत नाहींत एवढें निश्चित.

कारागिराकडे परत वळून दोन कर्तव्यें सांगितलीं पाहिजेत, कारण वरील कसोटी लावूनही माणूस चुकूं शकतो. पहिलें असें कीं, जें बदलावयाचें तें परत फिरवितां येईल असें बदलावें. काढलेला जुना भाग फेंकून न देतां पुडींत बांधून मालकाच्या स्वाधीन करावा. पट्टीवरील तांब्याच्या रेषा खरवडूं नयेत. जेथें स्क्रूनें भागतें तेथें भोंक पाडूं नये. आपला निर्णय चुकीचा ठरला तर पुढच्या कारागिराला परतीची वाट राहावी, ही नम्रता कौशल्याइतकीच मोलाची आहे. दुसरें कर्तव्य सत्याचें. जें केलें तें सांगावें, आणि शक्य तर लिहून ठेवावें. या जुन्या पेट्यांना आज मोठी किंमत येते, आणि आंतून बदललेली पेटी 'हात न लावलेली' म्हणून विकण्याचा मोहही तितकाच मोठा असतो. एल.ई.डी. बसविणें हा अपराध नव्हे, एल.ई.डी. बसवून दिवा म्हणून सांगणें हा अपराध आहे. दुरुस्तीला सुधारणा म्हणून मिरविणें ही फुशारकी झाली. सुधारणेला दुरुस्ती म्हणून खपविणें ही फसवणूक झाली. वस्तूवर केलेला फेरफार क्षम्य असतो. तिच्या इतिहासावर केलेला फेरफार पुढच्या प्रत्येक ऐकणाराला फसवीत राहतो.

वस्तु, माणसें आणि समाज यांत पूर्णपणें निर्दोष असें कांहींच हातीं येत नाहीं. आपल्याला सारें थोडें वापरलेलें, थोडें झिजलेलें, कोणाच्या तरी हातचें असेंच मिळतें. तें नीट करण्याची इच्छा चांगलीच आहे, आणि ती नसती तर संसार चालला नसता. फक्त हत्यार उचलण्यापूर्वीं दोन गोष्टी कराव्या: वस्तु आपल्या मतें कशी असावी हें ठरविण्याआधीं ती काय बोलते तें पुरतें ऐकून घ्यावें, आणि तिच्या उणेपणाचा धक्का कोणाच्या हाताला बसतो तें पाहावें. तो कोणालाच बसत नसेल तर हात आवरावा. दुसऱ्या कोणाला बसत असेल तर मात्र, ती खोड कितीही जुनी आणि कितीही प्रिय असली तरी, तार जोडण्यास क्षणाचाही विलंब लावूं नये.